यलो टँग जुना आहे, पर्पल आणि कोले आणायचेत: आधी कोणाला सोडू?

खारेपाणी

नमस्कार मंडळी. सहा फुटी, साधारण ७०० लिटरची रीफ टाकी आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. आत मासे: ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा आणि एक यलो टँग. टँग सगळ्यांत जुना, डाव्या बाजूच्या दगडी कमानीचा मालकच म्हणा. काच पुसायला हात घातला तरी पंख ताणून आडवा होतो आणि शेपटी माझ्याकडे वळवतो. आता पर्पल टँग, कोले टँग आणि फ्लेम एंजल आणायचे आहेत. एकेक सोडू की एकदम? काचेला आरसा लावतात म्हणे, त्याने खरंच फरक पडतो का? एकही मासा मारामारीत जायला नको, म्हणून आणण्याआधीच विचारतोय.

भरतीओहोटी

आधीच विचारलंत हे फार बरं केलंत. एकदा मारामारी जुंपली की सहा फुटी टाकीतून टँग पकडणं महाकठीण.

तुमची खरी अडचण तीन माशांची नाही, एकाच जोडीची आहे: यलो आणि पर्पल. दोघंही झेब्रासोमा, म्हणजे टँगांच्या एकाच गटातले. तीच उंच, चपटी ठेवण, तेच शिडासारखे पंख, दगडाच्या फटीतलं शेवाळ खुडायला तेच पुढे आलेलं तोंड. यलो मुख्यतः हवाईकडचा, पर्पल तांबड्या समुद्राकडचा. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही, पण टाकीत यलोला दिसतं ते एवढंच की आपल्याच घडणीचा कोणीतरी आपल्या शेवाळावर आलाय. कोलेचं तसं नाही. तो टिनोकीटस या वेगळ्या गटातला, अंगाने लांबट, दात ब्रशसारखे. दगडावरचा पातळ थर आणि बारीक गाळ खरवडून खातो. हवाईच्या प्रवाळांवर यलो आणि कोले शेजारी शेजारी चरतात. थोडी पळापळ होईल, पण सहसा तेवढ्यावर भागतं.

म्हणून माझं मत असं. फ्लेम एंजल सगळ्यांत आधी. टाकीत दुसरा एंजल नाही, तो आपली फट शोधून बसेल. (प्रवाळ टोचतो का हे प्रत्येक माशावर आहे, त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.) पर्पल आणि कोले दोघांना क्वारंटाइन करा (आधी वेगळ्या टाकीत ठेवून आजार नाही ना ते बघा) आणि मुख्य टाकीत एकाच वेळी सोडा, म्हणजे यलोचा राग एकावरच निघणार नाही. पर्पल यलोपेक्षा स्पष्टपणे लहान घ्या. मोठा झाल्यावर तोच टाकीवर राज्य करतो, तेव्हा सुरुवातीला त्याला वरचढ व्हायची संधी नको.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पेटीत नव्यांना नाही, जुन्याला ठेवा. भोकं असलेली पारदर्शक अ‍ॅक्लिमेशन पेटी (एरवी नवा मासा रुळेपर्यंत ठेवतात ती) काचेला आतून लटकवा, यलोला तीत ठेवा आणि त्याच दिवशी त्याची कमान मोडून दगड वेगळे रचा. नवे मोकळे फिरतील, आपापल्या जागा धरतील, यलो ते रोज बघेल. बाहेर येईल तेव्हा राखायला जुनी हद्दच उरलेली नसेल. एरवी आपण उलटं करतो, नव्याला कोंडतो आणि जुन्याची हद्द शाबूत ठेवतो. पेटी उघडली की पहिल्या सेकंदाला तिथेच दावा सुरू.

यलोला जाळीने पकडू नका. शेपटीच्या मुळाशी पांढरा काटा दिसतो ना, तो जाळीत अडकतो, मासा झटापट करतो आणि स्वतःलाच फाडून घेतो. खाण्याची सवय लावलेला सापळा किंवा पाण्याखाली धरलेलं पारदर्शक भांडं वापरा.

निळीभिंत

ताईंचं दगड हलवायचं पटलं, पण दगडांवर प्रवाळ चिकटून वाढले असतील तर सगळी रचना मोडता येत नाही. तसं असेल तर दिव्याच्या डिफ्यूझरची जाळी उभी घालून टाकीचे दोन भाग करा. एकमेकांना बघतील, पोचू शकणार नाहीत.

आरशाबद्दल: उपयोग होतो, पण तो मलमपट्टीच. जुना मासा नव्याला सोडून प्रतिबिंबावर धावतो, तेवढी नव्याला उसंत मिळते. टाकीच्या टोकाला, नव्याच्या लपायच्या जागेपासून लांब लावा. दिवसभर ठेवू नका, जुना मासा तिथेच झुंजत बसतो, खायचंही विसरतो.

नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ पत्रा, टँगचं खाणं) दोन टोकांना दोन क्लिपांवर लावा. एका क्लिपवर दोन टँग म्हणजे भांडणाला आमंत्रण.

खारेपाणी

धन्यवाद दोघांना. प्रवाळ फक्त उजव्या बाजूच्या दगडांवर आहेत, कमान मोडता येईल. ताई, यलोला बाहेर कधी काढायचं? आणि पाठलाग झाला तर कुठवर बघत बसायचं?

भरतीओहोटी

दिवस मोजू नका, मासा बघा. पर्पल पेटीजवळून गेला की यलो पंख ताणून आडवा होतो, शेपटी झटकतो, काचेवर आपटतो. हे थांबून तो पर्पलसमोरच नोरी खायला लागला की सोडा. बहुतेक वेळा आठवडाभर तरी जातो. सोडायचं ते दिवे मालवल्यावर. अंधारात यलोचा रंग फिका पडतो, अंगावर पांढरा आडवा पट्टा उमटतो, तो झोपायची फट शोधत असतो. त्या वेळी त्याला भांडणात रस नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागतात तेव्हा मात्र समोर बसा. धावून जाणं, पंखाची कड फाटणं चालतं, पंख भरून येतात. काळजी कधी करायची? अंगाच्या बाजूला काट्याची सरळ चीर दिसली, किंवा पर्पल वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या तोंडाशी चिकटून जोरात कल्ले हलवतोय, खायलाही खाली येत नाहीये, तर त्याच क्षणी यलोला परत पेटीत घाला. पर्पलला नाही. ताणाखालच्या टँगला क्रिप्टोकॅरियन (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) गाठायला वेळ लागत नाही, आणि तो आजार टाकीत शिरला की सगळेच मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची वेळ येते. म्हणून क्वारंटाइनला फाटा देऊ नका.

खारेपाणी

कळलं. आधी फ्लेमला क्वारंटाइनमध्ये घेतो, तोवर यलोला सापळ्यात नोरी खायची सवय लावतो. पर्पल-कोले आल्यावर इथेच फोटो टाकतो.