मदत हवी आहे : पॅरिसच्या मारे भागात पाच महिन्यांसाठी सुसज्ज घर

नमस्कार.

माझी मुलगी वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून १ सप्टेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत पॅरिसमध्ये, जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करणाऱ्या एका कार्यालयात इंटर्नशिप करणार आहे. महाविद्यालय, कार्यालय आणि ती स्वतः असा त्रिपक्षीय करार झालेला आहे. कार्यालय मारे या जुन्या वस्तीत, प्लास दे व्होज या चौकाच्या जवळ असल्यामुळे राहायलाही तिला तिथेच हवे आहे.

एका संकेतस्थळावर एक घर पसंत पडले असून घरमालकांशी पत्रव्यवहार सुरू आहे. पाचव्या मजल्यावरची एक खोली, लिफ्ट नाही, छताला जुन्या लाकडी तुळया आणि झोपायची सोय शिडी चढून पोटमाळ्यावर, असे घर आहे. जाहिरातीत क्षेत्रफळ २४ चौरस मीटर दिले आहे. छायाचित्रे निरखून पाहिली तर पोटमाळ्यावर बसलेल्या माणसाचे डोके तुळईला टेकेल असे दिसते, त्यामुळे या चोवीस मीटरांत तोही धरला आहे की काय, अशी शंका येते. भाडे दरमहा १,३८० युरो आहे.

पहिले तीन महिने पर्यटक म्हणून संकेतस्थळामार्फत नोंदवावेत, पुढच्या दोन महिन्यांचे भाडे परस्पर द्यावे आणि दोन भाड्यांइतकी अनामत रक्कम आताच पाठवावी, असे घरमालकांचे म्हणणे आहे. लेखी करार करायला ते तयार नाहीत. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवल्याशिवाय किल्ली हातात पडत नाही, त्यामुळे पैसे पाठवायला मन धजावत नाही. शिवाय व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावाही जोडायचा आहे.

अशी व्यवस्था तिथल्या कायद्यात बसते का, आणि बसत नसेल तर आम्ही कोणता करार मागावा? डिसेंबरमध्ये काही दिवस मी तिच्याकडे जाऊन राहिलो तर घरमालकांना हरकत घेता येईल का? तिथे राहिलेल्या किंवा राहत असलेल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

काका, पैसे मुळीच पाठवू नका.

पर्यटकांसाठीचे सुसज्ज घर एकाच व्यक्तीला सलग ९० दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून दिवसच ९१ होतात. घरमालक स्वतः एरवी त्याच घरात राहत असतील, तर वर्षभरात सगळ्या पर्यटकांना मिळून किती रात्री घर देता येते यावर पॅरिसमध्ये मर्यादा आहे. ती पूर्वी १२० होती, १ जानेवारी २०२५ पासून ९० झाली आहे. उरलेले दोन महिने हातोहात देण्याचा प्रस्ताव हा या मर्यादेतून काढलेली पळवाट आहे, आणि त्या दोन महिन्यांत आपल्या मुलीच्या हातात कसलाच कागद राहणार नाही.

आपण ‘बाय मोबिलिते’ हा करार मागावा. २०१८ च्या कायद्याने आलेला हा करार सुसज्ज घरासाठी, १ ते १० महिन्यांच्या मुदतीचा असतो आणि विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, इंटर्न अशा ठरावीक लोकांनाच मिळतो, त्यामुळे त्रिपक्षीय कराराची प्रत जोडावी आणि करारात इंटर्नशिपचे कारण लिहून घ्यावे. यात अनामत रक्कम घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्याऐवजी ‘व्हिझाल’ ही, भाडे थकल्यास घरमालकाला ते भरून देणारी मोफत हमी मिळते. तिचा अर्ज करारावर सही करण्यापूर्वी ऑनलाइन करायचा असतो. भाडेकरूला एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही घर सोडता येते.

वीज, पाणी वगैरेंपैकी जो खर्च घरमालक भाड्यासोबत घेतील, तो या करारात ठोक रकमेनेच आकारतात आणि नंतर वाढीव हिशेब काढता येत नाही. हीटर विजेवर चालत असेल, तर विजेचे बिल त्या ठोक रकमेत आहे की मुलीच्या नावावर येणार, हे आधीच विचारा. मारे हा भाग १९६४ पासून संरक्षित क्षेत्र आहे, तिथे साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते, त्यामुळे पुष्कळ घरांत अजून एकेरी काचा आहेत आणि जानेवारीत त्या चांगल्याच जाणवतात.

पोटमाळ्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा राहण्यायोग्य क्षेत्रफळात धरत नाहीत. पॅरिसमध्ये भाड्याला कमाल मर्यादा आहे आणि ती या करारालाही लागू होते. सरकारी नकाशावर पत्ता, खोल्यांची संख्या आणि इमारतीचा काळ दिला की प्रति चौरस मीटर दर दिसतो. त्या दराला खऱ्या क्षेत्रफळाने गुणून पाहा, म्हणजे १,३८० युरो कितपत योग्य आहेत ते कळेल. आपण डिसेंबरमध्ये खुशाल जा. भाडेकरूने आपल्या वडिलांना भाडे न घेता घरी ठेवले, तर त्यावर कोणाला हरकत घेता येत नाही.

प्रतिसाद २

करारासंबंधी वर लिहिले आहे ते बरोबरच आहे. मात्र मारेचाच आग्रह का, हे मला समजले नाही. पूर्वेला व्हँसेन हे शांत उपनगर आहे. तिथून मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने गाडी न बदलता मारेतल्या सँ-पॉल स्थानकावर उतरता येते, आणि मासिक पास सर्व झोनमध्ये चालतो. त्याच पैशात दार लावता येईल अशी वेगळी झोपायची खोलीही तिथे मिळू शकेल. तुळयांची हौस कार्यालयात भागेलच.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाय मोबिलिते आणि खऱ्या क्षेत्रफळाची विचारणा करणारे पत्र घरमालकांना आजच पाठवले आहे. अनामत रक्कम पाठवणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. व्हँसेनचा पर्याय मुलीला सांगितला तेव्हा ती थोडी हिरमुसली, पण नकाशा उघडून बसली आहे. तिथे किंवा त्याच मेट्रो मार्गावर हा करार करून देणारे घरमालक कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया व्यक्तिगत संदेशातून कळवावे. जुलैमध्ये व्हिसाची मुलाखत आहे, त्यापूर्वी सही झालेला करार हाती यायला हवा.