सहभागाचे गुण: गप्प बसणाऱ्यांचं काय करावं?

माझ्या विषयात १० टक्के गुण वर्गातल्या सहभागाला आहेत. शेवटच्या बाकावरची एक मुलगी रोज येते, वहीच्या समासात नेमके प्रश्न लिहिते, पण तोंड उघडत नाही. गुण नेतात ते बोलके चौघे. हजेरी मोजता येते हो, सहभाग कसा मोजायचा?

उत्तर: मॅडम, प्रश्न विचारल्यावर थांबता किती? अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. शांतता अवघड वाटते, पण थांबाच.

उत्तर: आधी दोन मिनिटं लिहू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वर्गात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची १९८१ची पद्धत. लिहिलेल्या चिठ्ठ्यांनाही गुण द्या. मात्र निकष पहिल्याच तासाला लेखी सांगा. सत्र संपताना सांगणं सरळ अन्याय आहे.

उत्तर: मी विद्यार्थिनी, अशीच गप्प. अचानक नाव घेतलं की येणारं उत्तरही विसरते. आदल्या दिवशी प्रश्न मिळाला तर मी नक्की बोलेन.

मूळ प्रश्नकर्ती: उद्यापासून प्रश्न आदल्या दिवशीच देते. चिठ्ठ्याही सुरू करते.