कोट्यवधी वेळा पाहिलेल्या गाण्याला समीक्षा नको?

खाडीकाठ, दापोली: ‘गुलाबी साडी’ कोट्यवधी लोकांनी पाहिली, तेव्हा समीक्षकांनी तोंड उघडू नये, हे कालचे विधान वाचून राहवले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या सिंगलने चित्रपटाच्या आधाराविना देशभर बाजार मिळवला, हे मान्यच आहे. परंतु तिच्यावर जे लिहिले गेले त्यात व्ह्यूजचे आकडे आणि रील करणाऱ्या तारकांची नावे यांखेरीज चालीविषयी किंवा ठेक्याविषयी मला तरी काही आढळले नाही.

भरती, देवगड: अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाने २०१३ पासून यूट्यूबचे व्ह्यूज गाण्यांच्या क्रमवारीत धरले, म्हणून तिथले संगीत बुडाले नाही. माझ्या आतेबहिणीच्या हळदीत गुडघे धरून बसलेली आजी याच गाण्यावर उठली. यापुढे कसले परीक्षण हवे?

खाडीकाठ: क्रमवारी खप सांगते, गुण सांगत नाही. आजींविषयी आदर आहे, पण हळदीत त्या कशावरही उठल्या असत्या.

भरती: आजीला मध्ये ओढू नका.

खाडीकाठ: तिला आणले कोणी?

बेंजोवाला, गुहागर: तुमचे भांडण चालू द्या; पण गाणे गावोगावी पोहोचवणाऱ्या आम्हा वादकांच्या पदरात काय पडते, हेही कोणी विचारावे. गेल्या मोसमात एका हॉलवाल्याने ऐन वरातीत संगीताच्या परवान्याची पावती मागितली आणि यजमानांनी ती रक्कम आमच्या बिदागीतून कापली.

नाखवा, वेंगुर्ले: हे सरळ बेकायदेशीर वाटते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील, परवान्याविना गाणी वाजवू देणाऱ्या सवलतीत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ स्पष्टपणे येतात.

खाडीकाठ: इतके सोपे असते तर सवलतीची व्याप्ती वाढवणारे गोवा सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केले नसते.

नाखवा: परिपत्रक रद्द झाले, कलम नव्हे! अर्धवट वाचून दुसऱ्यांना घाबरवू नये.

बेंजोवाला: कलम दाखवून यजमान पैसे परत देतील का? २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, त्याचा आनंदच आहे. पण रात्रभर मोबाइलला कान लावून चाल बसवणारा आमचा पोर त्या हिशेबात कुठेच नाही. आणि चालीविषयीच ऐकायचे असेल तर ऐका. मुखडा आटोपशीर असल्याने ताशेवाल्याला लगेच सापडतो, पण कडव्याकडे वळलो की नाचणारी मंडळी ‘मुखडा घ्या’ म्हणून ओरडतात. त्यामुळे आम्ही मुखडाच फिरवत राहतो आणि कडवे वाजवण्याची वेळच येत नाही.

भरती: घ्या, समीक्षकांना जे जमले नाही ते बेंजोवाल्याने चार ओळींत केले.

खाडीकाठ: चालीविषयी कोणीतरी बोलले, एवढे मी कबूल करतो. मात्र कडवे कोणाला नको असणे ही स्तुती आहे, असे आपण समजत असाल तर पुन्हा वाचा.

बेंजोवाला: स्तुती की निंदा ते तुम्ही ठरवा. कापलेल्या पैशांचे काय, ते नाखवांनी सांगावे.