लाकडाची भट्टी विझली म्हणून पाव मरत नाही

चाळकरी (धागा सुरू करणारा)

हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा तशाच स्वच्छ इंधनावर न्या. नवा परवानाही याच अटीवर. पालिकेने नोटिसा काढल्या, जुलैत मुदत संपली. वाद मात्र संपत नाही. जो तो 'आता ब्रुनला, आपल्या त्या कडक पावाला, ती मजा नाही' म्हणून गळा काढतोय.

मला हा गळा काढणं पटत नाही.

आधी हे बघा की जळतं काय. आपल्या डोळ्यांसमोर आंब्या-बाभळीचे ओंडके असतात. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रूपने बेकऱ्यांची पाहणी केली तेव्हा जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालत होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी ते लाकूड म्हणजे मोडीत काढलेलं फर्निचर होतं. कारण ओंडक्यापेक्षा भंगार कितीतरी स्वस्त. म्हणजे जुन्या कपाटांचं प्लायवूड, सनमायका, रंग दिलेल्या चौकटी, त्यातला गोंद. हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला खेटून असलेल्या धुराड्यातून बाहेर येतं.

आता चवीचं. जुन्या पद्धतीच्या भट्टीत आधी लाकूड जाळतात, विटा तापल्या की निखारे बाजूला सारतात, तळ ओल्या फडक्याने पुसतात आणि मग पाव आत जातो. तो भाजतो विटांच्या उष्णतेवर. धूर पावाला लागतच नाही, लागलाच तर तो पाव वाईट भाजलेला असतो. तुमच्या आठवणीतली चव विटांची आहे, लाकडाची नाही.

आणि इराणी कॅफेंच्या नावाने रडणाऱ्यांनो, धोबी तलावचं बस्तानी २००४ मध्ये बंद झालं तेव्हा कोणतं कोर्ट आड आलं होतं? समोरचं कयानी १९०४ पासून चालू आहे. बाकीची गेली ती भाडं, भागीदारांची भांडणं आणि पुढच्या पिढीने गल्ल्यावर बसायला दिलेला नकार यामुळे.

---

पहाटेची_पाळी

चाळकरी, लिहिलंय झकास, पण भट्टी बाहेरून बघून लिहिलंय.

माझ्या मामांची बेकरी आहे. उपनगरात, नाव-गाव सांगत नाही. ओंडके की भंगार, तर दोन्ही. ते खोटं बोलणार नाही. पण 'गॅसवर जा' म्हणजे नेमकं काय ते ऐका.

विटांची भट्टी दुकानाच्या पोटात बांधलेली असते. ती फोडायची, राबिट उचलायचं, नवा ओव्हन बसवायचा, तोवर धंदा बंद. वडापाववाला, भुर्जीवाला, कॅन्टीनवाला यांना रोज लादी लागते. ते पंधरा दिवस थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी दुसरा माल घेतात आणि परत येत नाहीत. माळ्यावर झोपणारे कारागीर गावाकडे निघून जातात, तेही सगळे परत येत नाहीत.

पाइपचा गॅस? आमच्या गल्लीत लाइनच नाही. रस्ता काँक्रीटचा झालाय, आता खणायला परवानगी मिळत नाही. मग राहिले सिलिंडर. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा, आणि १०० किलोच्या वर साठा ठेवायचा तर वेगळा परवाना. म्हणजे पाच सिलिंडर. रात्रभर चालणाऱ्या भट्टीला ते किती पुरतात ते मामांना विचारा. वर तीन मजले माणसं राहतात, खाली सिलिंडरांची रांग. २०१५ मध्ये कुर्ल्याच्या एका हॉटेलात सिलिंडरच्या आगीत आठ जण गेले होते, विसरलात का?

---

खिडकीबंद

मी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतली. बेकरी खाली. पहाटे तीनला धूर सुरू होतो. मुलाला दमा आहे, थंडीत नेब्युलायझर उशाशी घेऊन झोपतो. परंपरा वगैरे मला कुणी सांगू नये.

---

आकडेमोड

ताई, तुमचा त्रास खराच. पण मुंबईच्या हवेची गोष्ट बेकरीवर येऊन संपते का? रस्त्यावरची धूळ, बांधकामं, रेडी मिक्स काँक्रीटचे प्लांट, गाड्या, पेटवलेला कचरा हे सगळं आहेच की. याच याचिकेत, त्याच महिन्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचाही विषय निघाला. त्यावर राज्य सरकारने काय केलं? अभ्यास करायला समिती नेमली. नीट वाचा: गाड्यांना समिती आणि बेकरीला मुदत. ज्याच्याकडे वकील लावायला पैसा आहे त्याचा अभ्यास होतो, ज्याच्याकडे नाही त्याला नोटीस येते.

---

चाळकरी

@आकडेमोड, 'त्याला सोडलं म्हणून मलाही सोडा' हे पार्किंगच्या पावतीला ठीक आहे. हवेत चालत नाही. बिल्डरांना सोडू नका, मी कुठे नको म्हणतोय? पण बेकरीचा धूर वस्तीत, कमी उंचीवर सुटतो. शहराच्या एकूण आकड्यात तो चिमूटभर दिसेल, त्या खिडकीत मात्र तो सगळाच्या सगळा आहे.

@पहाटेची_पाळी, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं पैशाचं आणि परवानगीचं आहे. चवीचं त्यात काहीच नाही. माझा मुद्दा तोच होता.

---

ब्रुनमस्का

मग चवीचं मी बोलतो, कारण ते कुणाला जमलेलं नाही.

विटांबद्दल चाळकरींचं बरोबर, पुढचं अर्धवट. घुमटाकार भट्टीत एका वेळी शेकडो पाव जातात आणि तोंड बंद होतं. पिठातलं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं. त्या वाफेमुळे वरचा पापुद्रा उशिरा घट्ट होतो, पाव आधी फुलतो आणि मग कडक होतो. ब्रुन चहात बुडवल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतो तो यामुळे. साध्या गॅस ओव्हनला जळलेली हवा बाहेर सोडावी लागते, तिच्याबरोबर वाफही जाते. मग ब्रुन होतो सुका, टोस्टचा चुलतभाऊ. फिरत्या रॅकच्या ओव्हनमध्ये तळाला तापलेली वीटही नसते.

यावर उपाय आहे. दगडी तळाचे, वाफ सोडणारे विजेचे डेक ओव्हन मिळतात. महाग आहेत. म्हणजे चवसुद्धा शेवटी पैशापाशीच येते. नरम लादीपावाला हे काही लागत नाही, तो कशातही बरा होतो. मरणार तो ब्रुन आणि गुटलीसारखा कडक पाव, कारण तो मुळात कमीच खपतो आणि त्याच्यासाठी महागडा ओव्हन कुणी घेणार नाही.

---

तिरपा_डोळा

मुंबई बंद केलेल्या कबुतरखान्यासाठी रस्त्यावर उतरली. पाववाल्यासाठी उतरली नाही. पावाला पंख नाहीत.

---

दादर_पश्चिम

खरं राजकारण कुणीच बोलत नाहीये. वड्याचं राजकारण या शहरात भरपूर झालं. मराठी पोरांनी गाड्या टाकाव्यात म्हणून शिवसेनेने पाठबळ दिलं, शिववडा आला. पण वडा ज्यात बसतो तो पाव कोण करतं? पोर्तुगीजांमुळे गोव्यात रुजलेला पाव गोव्याच्या लोकांनी मुंबईत आणला, इराण्यांनी वाढवला, आणि आज बऱ्याच लादी-बेकऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेला मुसलमान कारागीर रात्रभर पीठ मळतो. तो इथल्या कुठल्याच पक्षाचा लाडका मतदार नाही. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे प्रशासक. म्हणजे नोटीस आली तेव्हा ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असा नगरसेवकही नव्हता. इराणी कॅफेंना वारसा म्हणून सूट द्या अशी मागणी मात्र झाली. वारसा फक्त संगमरवरी टेबलांना असतो का?

---

सरळमार्गी

झालं, आणला धर्म मध्ये. धूर काय जात विचारून फुप्फुसात जातो? नियम सगळ्या भट्ट्यांना आहे, मोठमोठ्या हॉटेलांच्या तंदूरलाही आहे.

---

दादर_पश्चिम

@सरळमार्गी, नियम सगळ्यांना आहे हे मान्य. पण तो पाळायला लागणारं बळ सगळ्यांकडे सारखं नाही. हॉटेलवाला तंदूर बदलून बटर नानला वीस रुपये वाढवेल, कुणाला कळणारही नाही. लादीला दोन रुपये वाढवले की वडापाववाला बेकरी बदलतो.

---

इटलीरिटर्न

नेपल्सजवळ सान व्हितालियानो नावाचं छोटं गाव आहे. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये पिझ्झ्याच्या लाकडी भट्ट्यांवर बंदी आली होती. पिझ्झेवाले खवळले. पण त्या बंदीत एक वाट ठेवली होती: धूर गाळणारी यंत्रणा बसवा आणि लाकूड खुशाल जाळा. आपल्याकडे गाळणीचा विचार का नाही?

---

खिडकीबंद

कारण गाळणी साफ कोण करतंय हे तपासायला पहाटे तीनला कोण येणार? आमच्याकडे धुराडं उंच करायला सांगून गेले होते. दोन फूट पत्रा लावला, फोटो काढला, संपलं.

---

आकडेमोड

ताईंच्या या एका वाक्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, पण तरी एक सांगतो. ताजमहालचा खटला आठवा. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या परिसरातल्या २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर जा, नाहीतर जागा बदला, असं सांगितलं. कडकच आदेश होता. पण गॅस पुरवठ्याचं काम 'गेल' या सरकारी गॅस कंपनीकडे होतं, आणि कारखाना हलवला तर कामगारांचा पगार चालू ठेवायचा, वर एक वर्षाचं वेतन बोनस म्हणून द्यायचं, हेही त्याच निकालात होतं. ताजच्या संगमरवरासाठी कामगारांचा एवढा विचार झाला. इथे माळ्यावर झोपणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

---

चाळकरी

हे मला मान्य आहे, आणि याच कारणासाठी मी धागा काढला. वर्तमानपत्रांत सगळं 'मुंबईची चव हरवणार' असं छापून येतं. त्या हळहळीचा बेकरीवाल्याला शून्य उपयोग. खाणारे दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यातली पाकिटबंद लादी आणतात. त्यापेक्षा थेट मागा: जिथे गॅसची लाइन पोचली आहे तिथे मुदत पाळा, एक दिवस वाढवून देऊ नका. जिथे नाही तिथे लाइन पोचल्यापासून सहा महिने मोजा. आणि भंगार लाकूड, प्लायवूड जाळणं मात्र आजपासून बंद, सगळीकडे, लाइन असो वा नसो.

---

पहाटेची_पाळी

भंगार आजपासून बंद, आणि ओंडक्याचा वाढीव खर्च?

---

चाळकरी

तो पावावर लावा. आपण खाणाऱ्यांनी द्यायचा. पंधरा-वीस रुपयांच्या वडापावात रुपया वाढला तर मोर्चा कुणी काढत नाही. कांदा वाढला तेव्हा दिलाच ना?

---

ब्रुनमस्का

बोलायला सोपं. रुपया वाढेल तो वडेवाल्याच्या गल्ल्यात, बेकरीत चार आणे पोचले तरी खूप.

---

सरळमार्गी

कर्ज काढा की. छोट्या धंद्यांना सरकारी अनुदानाच्या योजना आहेत, पंतप्रधान रोजगार निर्मितीची आहे, मुख्यमंत्र्यांची आहे. नाहीतर विजेवर जा. सिलिंडर नको, खणणं नको.

---

पहाटेची_पाळी

@सरळमार्गी, विजेचंच करतोय. मामांनी ओव्हनचं कोटेशन मागवलं. त्याला विजेचा लोड वाढवून लागतो, आणि त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र मागितलंय. दुकान पागडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेलं. मालकाला इमारत पुनर्विकासाला द्यायची आहे. बेकरी आपोआप बंद पडली तर त्याला हवंच आहे. चार महिने 'बघू, बघू' चाललंय.

---

सरळमार्गी

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला भाडेकरूची वीज-पाणी तोडता येत नाही. जा कोर्टात.

---

पहाटेची_पाळी

तोडत कुठे आहे तो? आहे तेवढी वीज चालूच आहे, तीन ट्यूबलाइट आणि पीठ मळायच्या मशीनपुरती. फक्त सही करत नाही. आणि कोर्टात जायचं म्हणता, तर त्या तारखा पडेपर्यंत भट्टी कशावर पेटवायची तेही सांगा.