मदत हवी आहे : नाताळच्या सुट्टीत विजापूर-बदामी, सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली मैत्रीण

नमस्कार मंडळी,

आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी नाताळच्या सुट्टीत पुण्याहून विजापूर आणि बदामीला निघतोय. २५ डिसेंबरला पहाटे निघायचं, २८ ला रात्रीपर्यंत घरी. गाडी घरचीच, चालवणाऱ्या दोघी. जाताना सोलापूरवरून विजापूर, एक मुक्काम. मग बदामीला दोन मुक्काम. येताना बेळगाव-कोल्हापूरवरून यायचा विचार आहे.

अडचण अशी, की एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच वर्षी झालंय. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, पायऱ्या चढतेही; उतरताना मात्र त्रास होतो. आणि ही सहल मुळात तिच्यामुळेच ठरली. ती शाळेत इतिहास शिकवते. बदामीच्या चालुक्य राजा पुलकेशीने हर्षवर्धनाला अडवलं हे वर्षानुवर्षं मुलांना सांगत आली, पण ते जिथे कोरलंय तो बदामीजवळच्या ऐहोळेचा शिलालेख तिने अजून पाहिलेला नाही. मेगुती देवळाच्या भिंतीवरची, पुलकेशीचा कवी रविकीर्तीची ती प्रशस्ती, शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४ ची. ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख त्यातच आहे. देऊळ नेमकं टेकडीवर! 'तू खाली बस, आम्ही वर जाऊन फोटो काढून आणतो' असं तिला म्हणायची आमची कुणाचीच तयारी नाही. बाकी काही सुटलं तरी चालेल, मेगुती सुटायला नको.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगा :

गोल घुमटाच्या सज्जापर्यंत कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढावे लागतात असं वाचलंय. मध्ये टेकायला जागा आहे का? डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, मग कुजबुजलेलंही पलीकडे ऐकू येतं म्हणतात त्या सज्जात आरडाओरड्याशिवाय काही ऐकू येतं का? बदामीच्या चारही लेण्या तिने कराव्यात का? आणि मेगुतीची चढण नक्की कशी आहे?

शिवाय चार दिवसांत दोन्ही गावं म्हणजे धावपळ होईल का? तसं असेल तर विजापूर पुढच्या खेपेला ठेवू.

---

प्रतिसाद :

सोलापूरकर आहे, विजापूरला येणंजाणं असतं. (हॉटेल बुक करताना 'विजयपुरा' या आताच्या नावाने शोधा.) आमच्याकडून १०० किमीच आहे, ते अजिबात गाळू नका, फक्त सगळं बघायचा हट्ट सोडा.

पहिल्या दिवशी दुपारनंतर इब्राहिम रोजा करा. कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर आहेत, चौथऱ्याच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर चढउतार नाही. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्या तिथे जवळून बघा, शिक्षिकाबाई तासभर हलणार नाहीत. जामा मशीदही सपाटीवर आहे. मुलुखमैदान तोफ बुरुजावर असली तरी चढण थोडकीच. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याहून इथे आणली. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती आहे, तो चुकवू नका. उपळी बुरुज मात्र सोडा. त्याचा जिना बाहेरून वळत वर जातो, तुमच्या मैत्रिणीला उतरणं जड जाईल.

गोल घुमट दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या. सहलींच्या बस यायच्या आत वर पोचलात तरच सज्जाची मजा. मनोऱ्यात प्रत्येक मजल्यावर कमानी आहेत, तिथे दम खाता येतो. पण पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, उतरताना गुडघ्यावर भार येणारच. मेगुतीसाठी गुडघा राखायचा असेल तर त्यांनी खालीच थांबावं. एवढा मोठा घुमट मधे एकही खांब न घेता कसा पेलला, ते खालूनच कळतं. चौकोनातून एकमेकींना छेदत वर गेलेल्या कमानी बघा.

---

प्रतिसाद :

बनशंकरी आमची कुलदेवता, त्यामुळे बदामीला बऱ्याचदा जाणं होतं.

ऐहोळे आणि जवळचीच पट्टदकलची देवळं एका दिवसात करा, आधी ऐहोळे. सकाळी उन्हाच्या आत मेगुती चढा. पायऱ्या आहेत, टेकडी फार उंच नाही. माथ्याच्या थोडं खाली दुमजली बौद्ध लेणं लागतं, तिथे निवांत बसा आणि मग वर जा. उतरताना काठी हवीच, आणि एकीने त्यांच्या पुढे चालावं, मागे नाही. खाली दुर्ग मंदिराचा परिसर सपाट आहे. दुपारी पट्टदकल, तिथे बहुतेक देवळं एकाच मोकळ्या आवारात. लोकमहादेवी राणीने बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर शेवटी ठेवा, कारण त्यानंतर बाकीची देवळं डोळ्यात भरत नाहीत.

बदामीत पहिलं लेणं थोड्या पायऱ्यांवर आहे आणि १८ हातांचा नटराज तिथेच, बाहेरच्या बाजूला. तिसऱ्यात चालुक्य मंगलेशाचा शके ५०० चा लेख आहे. पाय साथ देत असेल तर तिथवर जा. हातात खाण्याची पिशवी नको, माकडं हिसकावून नेतात. संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जा.

एक दुपारचं जेवण बनशंकरीला करा. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही घेऊन बसतात.

---

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. मैत्रिणीला वाचून दाखवलं. गोल घुमटाला ती खाली थांबणार, आणि मेगुतीसाठी काठी आजच आणायची म्हणतेय! विजापूरही ठेवलंय.

आता एकच राहिलं : २८ ला सकाळी बदामीहून निघालो तर बेळगावपर्यंतचा रस्ता सध्या कसा आहे? अलीकडे कुणी गेलं असेल तर जरूर सांगा. घाटात अंधार व्हायला नको.