एसी चालू, पण गाडी गरमच: पार्किंग ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार

बी ३०२: गाडीच्या एसीतलं कोणाला कळतं का ग्रुपवर? आमच्या गाडीचा एसी चालतो, पण नावालाच. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत असली की ठीक असतं, सिग्नलला किंवा गर्दीत अडकलो की थोड्या वेळात घाम. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला गॅस कमी झालाय, घेऊन या, भरून देतो. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एकाकडून भरून घेतला होता की!

सी ५०१: गॅसच असणार ताई. ऑनलाइन कॅन मिळतो, सोबत नळी आणि छोटं गेज येतं. मी मागवतो, खाली पार्किंगमध्येच भरून टाकू.

ए १०४: जरा थांबा. गाडी न बघता फोनवरच गॅस कमी असल्याचं कळलं त्याला? एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. तोच तो गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) सील यांतून थोडाफार झिरपतो, पण चांगल्या गाडीत तो फरक जाणवायला कित्येक वर्षं जातात. एका वर्षात उडाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.
ताई, मला एवढं सांगा. वारा कमी येतोय, की वारा भरपूर आहे पण गार नाही?

बी ३०२: वारा जोरात येतो काका. कोमट येतो.

ए १०४: मग केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळतो तो) आणि ब्लोअर (आत वारा सोडणारा पंखा) सध्या बाजूला. गाडी पळाली की गार आणि थांबली की कोमट, यात उत्तर बरंचसं आलंच आहे.

बी ६०४: काका, आमचं उलट. सुरुवातीला एकदम थंड, मग लांबच्या प्रवासात वारा कमी कमी होत जातो. एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा बरा.

ए १०४: ते दुखणंच वेगळं. आत डॅशबोर्डमागे जी कूलिंग कॉइल असते तिच्यावर बर्फ धरतोय. बर्फाने जाळी बुजली की वारा जाणार कुठून? केबिन फिल्टर कधी बदललात ते आठवा आधी. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बाहेर काढून उजेडात धरून बघा. तो ठीक असेल तर कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर तपासून घ्या. कॉइल गोठायला आली की कॉम्प्रेसर थांबवायचा निरोप तो देतो.

ए २०३: *फॉरवर्डेड* गाडीत बसताच एसी लावू नका!! एसीतून बेंझिन नावाचं विष निघतं, कॅन्सर होतो!! सर्वांना पाठवा 🙏🙏

ए १०४: वहिनी, हा मेसेज माझ्या निवृत्तीच्याही आधीपासून फिरतोय. एसी बेंझिन तयार करत नाही. काचा उघडाव्यात हे मात्र खरं, पण कारण साधं आहे: उन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. ती आधी बाहेर घालवली तर एसीचं काम हलकं होतं. मिनिट-दोन मिनिटं काचा खाली, मग काचा वर आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबायचं. आतली हवा जराशी गार झालेली असते, तीच पुन्हा गार करणं सोपं. बाहेरची गरम हवा घेत राहिलात तर एसी दमतो. फक्त तासन्‌तास ते बटण दाबून ठेवू नका, डोकं जड होतं, झोप येते. मधूनमधून बाहेरची हवा घ्या.

ॲडमिन: एसीची चर्चा चालू द्या, फॉरवर्ड नको. पार्किंगमध्ये गॅसचे कॅन वगैरे अजिबात नको.

सी ५०१: ॲडमिन, छोटासा कॅन असतो हो. गेजवर हिरवी पट्टी असते, काटा तिथे आला की झालं.

ए १०४: त्या हिरव्या पट्टीनेच घोळ होतो. गाडी बंद असताना गेजवर जो दाब दिसतो तो तापमानाप्रमाणे असतो, गॅस किती आहे त्याप्रमाणे नाही. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी आर १३४ए हा एसीचा गॅस तीस अंशांना शंभर पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) जवळपास दाखवणार. अर्धा भरलेला असो की पूर्ण, काटा तिथेच. एसी चालू करून बघितलं तरी कंडेन्सरचा (पुढच्या उष्णता टाकणाऱ्या जाळीचा) पंखा, बाहेरचं ऊन, इंजिनचा वेग, सगळ्याने काटा हलतो. आणि या कॅनचं गेज फक्त कमी दाबाच्या बाजूला लागतं, दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते कळतच नाही.
खात्रीचा मार्ग वजनाचा. बॉनेट उघडा, आत स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. जुना गॅस मशीनने काढायचा, व्हॅक्यूम करायचा म्हणजे आतली हवा पंपाने ओढून काढायची आणि तेवढे ग्रॅम मोजून भरायचे.
शिवाय हा गॅस बाहेरच्या हवेत उणे सव्वीस अंशांना उकळतो. नळी सुटून बोटांवर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका.

सी ५०१: ओके काका, राहिलं 😅

ए १०४: आता बी ३०२. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबला की तो भयंकर तापतो. ती उष्णता रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते, म्हणजे कंडेन्सर, तिथे बाहेर टाकली जाते. गाडी पळत असली की समोरून वारा आपोआप मिळतो. थांबली की सगळा भार पंख्यावर. पंखा कमजोर, किंवा जाळी मातीने, पानांनी, किड्यांनी बुजलेली, तर उष्णता निघत नाही आणि आत कोमट वारा येतो. तुमची लक्षणं तिकडेच बोट दाखवतात.
उद्या गाडी उघड्यावर उभी करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर. इंजिन चालू, एसी फुल. बॉनेट उघडून लांबूनच बघा पंखा फिरतो का. हात, ओढणी, काही जवळ नेऊ नका, पंखा कधीही अचानक सुरू होतो. हे मिस्टरांना एकट्याला करायला सांगू नका, एकाने आत बसायचं, एकाने बघायचं.

बी ३०२: मिस्टर फोटो काढतील, बघणार मीच 😄

शनिवार

बी ३०२: काका, बघितलं. एसी लावल्यावर पंखा हललासुद्धा नाही. बराच वेळ वाट बघितली, मग एकदम जोरात सुरू झाला, थोडा फिरला आणि बंद. परत तसंच. मधेच टक असा आवाज येऊन एसी स्वतःच बंद पडतो.

ए १०४: वा, छान निरीक्षण! या पंख्याला दोन वेग असतात. एसी लावला की हळू वेग लगेच सुरू व्हायला हवा. दाब फार चढला किंवा इंजिन फार तापलं की मोठा वेग. तुमचा हळू वेग मेलेला आहे. बहुतेक वेळा त्याचा रेझिस्टर (वीज कमी करून पंखा हळू फिरवणारा) जळालेला असतो, छोटासा भाग, पंख्याच्या फ्रेमवरच बसवलेला. म्हणून दाब चढत चढत वर गेला की मगच मोठा वेग लागतो. टक आवाज कॉम्प्रेसरच्या क्लचचा, तो कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडतो-सोडतो. दाब हाताबाहेर गेला की सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर काहीतरी फुटेल.
पण एक खटकतंय. मोठा वेग लागल्यावरही क्लच सुटतो का?

बी ३०२: हो, पंखा फिरत असतानाही एकदा सुटला.

ए १०४: मग मला उलटीच शंका येतेय. गॅस कमी नसून जास्त असावा.

बी ३०२: जास्त?? जास्त असला तर जास्त गार व्हायला नको का?

ए १०४: नाही ना. कंडेन्सरमध्ये गॅसचं द्रव होतं. जास्त भरला की खालचा भाग द्रवानेच भरून राहतो, उष्णता टाकायला जागा उरते कमी, दाब वाढतो, गारवा कमी होतो. मागच्या उन्हाळ्यात पंख्यामुळेच गार होत नसणार, आणि त्या माणसाने गेज लावून वरून थोडा सोडला असेल. आता आणखी भरला तर कॉम्प्रेसर जाईल.
सोमवारी नेताना त्याला सांगा: आधी पंखा बघ. मग असलेला गॅस मशीनने काढ आणि किती ग्रॅम निघाला ते मला दाखव. हा आकडा महत्त्वाचा. कमी निघाला तर गळती शोधायची, तिथे नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघतात, किंवा रंग घालून अतिनील दिव्याखाली तपासतात. गळती बुजवणारं रसायन घालू का विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते हवेला आणि ओलाव्याला लागलं की घट्ट होतं, गॅरेजचं मशीनसुद्धा खराब करतं.
व्हॅक्यूम अर्धा-पाऊण तास तरी चालू दे. नुसती हवा काढायला नाही, आतला ओलावा उकळून निघून जावा म्हणून. मग पंप बंद करून काटा तिथेच राहतो का ते बघायला लावा.

बी ६०१: काका, आमची इलेक्ट्रिक आहे. तिलाही हेच लागू?

ए १०४: तत्त्व तेच, पण तिला कुठल्याही गॅरेजात उघडायला देऊ नका. तिचा कॉम्प्रेसर बॅटरीच्या मोठ्या व्होल्टेजवर चालतो, नारिंगी केबल दिसतील त्यांना हात नाही लावायचा. कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं, वीज अडवणारं. नेहमीच्या गाडीचं तेल तिच्यात गेलं तर इन्सुलेशनचं वाटोळं. आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीही त्याच गॅसने गार होते, त्यामुळे दुर्लक्ष महागात पडतं. नव्या गाड्यांत गॅस आर १२३४वायएफ असू शकतो, तो १३४एशी मिसळायचा नाही. स्टिकर वाचा.

ए २०३: आमच्या गाडीत एसी लावला की कुबट वास येतो आणि पुढच्या डाव्या सीटखाली पाणी येतं. तेही गॅसचंच का?

ए १०४: नाही वहिनी, ते पाणी हवेतलंच. कॉइलवर धरतं आणि एका नळीने गाडीखाली टपकतं. नळी तुंबली की आत येतं. नळी साफ करून घ्या, वासही बराचसा त्यामुळेच. घरी पोहोचण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते, बुरशी धरत नाही. गाडीखाली स्वच्छ पाणी टपकताना दिसलं तर घाबरू नका, एसी नीट काम करतोय म्हणून समजा.

मंगळवार

बी ३०२: काका!! स्टिकरवर ४८० ग्रॅम. मशीनने काढला तर ६३५ निघाला! गॅरेजवाला स्वतः चकित झाला. आणि रेझिस्टर खरंच जळालेला होता. बदलला, आता एसी लावला की पंखा लगेच फिरतो.

ए १०४: उत्तम. जाळी साफ केली का?

बी ३०२: हो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पिसं आणि पानं कोंबल्यासारखी होती. मी मुद्दाम त्यांना म्हणाले, प्रेशर वॉशर नको, पत्रे वाकतील, आतून बाहेरच्या दिशेने हलकं पाणी मारा.

ए १०४: व्हॅक्यूमचा काटा टिकला?

बी ३०२: टिकला. गळती नाही म्हणाले. ४८० मोजून भरला. मी डॅशबोर्डवरच्या वारा येतो त्या मधल्या जाळीत थर्मामीटर लावून बघितलं, सिग्नलला उभी असताना ८ अंश. आधी २० च्या खाली येत नव्हता.

सी ५०१: भारी! म्हणजे मी कॅन भरला असता तर...

ए १०४: तर सेन्सर वाचवत राहिला असता आणि तू म्हणाला असतास अजून थोडा घालू.

बी ६०४: काका, फिल्टर काढला. उजेडात धरला तर पलीकडचं काहीच दिसेना. नवा टाकलाय, पण कालच्या प्रवासात शेवटी पुन्हा वारा थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

ए १०४: मग आता सेन्सर. गाडी थांबवल्यावर खालून नेहमीपेक्षा पुष्कळ पाणी गळालं का बघा. गळालं तर तो बर्फच वितळतोय. गॅरेजात गेज लावून बघू दे, गॅस थोडा कमी असला तरीही बर्फ धरतो. आणि निघण्याआधी स्टिकरचा फोटो फोनमध्ये घ्या, तिथे तो पुसट झालेला असेल तर मॅन्युअलमध्ये शोधा.