क्वेस्ट मार्करमुळे भटकंतीची मजा जाते का?

वाटसरू
मॉरोविंड (२००२) हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतलाय. सुरुवातीच्याच एका कामात आर्कंगथंड नावाच्या, ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांतून एक पेटी आणायची असते. नकाशावर बाण नाही, खूण नाही, म्हणजे काम (क्वेस्ट) कुठे आहे ते दाखवणारा मार्करच नाही. पत्ता तोंडी मिळतो: मूनमॉथ किल्ल्याच्या पुढे जा, जुना ड्वेमर पूल ओलांडा. मी आधी भलत्याच घळीत शिरलो, परत फिरलो, किल्ला पुन्हा शोधला, मग पूल सापडला. दाराशी पोचलो तर दार उघडेना. जवळच्या पाइपला एक दांडा होता, तो फिरवल्यावर उघडलं. आज डोळे मिटले तरी तो सगळा रस्ता दिसतो.

त्याच मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) होकायंत्रावर बाण आला. तिथे मी पन्नासेक तास घालवले, पण एकही वाट लक्षात नाही, कारण नजर सतत त्या बाणावर. बाणाने भटकंती संपवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. मला दिवसाकाठी तासभर मिळतो. ती पेटी मीही शोधली आहे. आत गेल्यावर खोल्याच खोल्या, आणि पेटी एवढीशी, फळीवर इतर सामानात मिसळलेली. सलग तीन रात्री गेल्या. याला भटकंती नाही म्हणत, हरवलेली किल्ली शोधणं म्हणतात.

त्यात खेळातली ती रोजनिशी! सगळ्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक. आठवड्याने खेळायला बसलं की पत्ता कुठल्या पानावर होता तेच सापडत नाही. कामांनुसार यादी पुढे मॉरोविंडला जोडून आलेल्या ट्रिब्युनल या विस्तारात आली. म्हणजे अडचण खरीच होती.

चौकटीचा कागद
मी वाटसरूंच्या बाजूने, आणि आणखी मागे जातो. विझर्ड्री (१९८१) हा भुयारात फिरायचा खेळ. प्रत्येक मजला २० बाय २० चौकटींचा, नकाशा आपणच आलेखाच्या कागदावर काढायचा. काही चौकटी न सांगता तुमचं तोंड फिरवतात, काही उचलून दुसरीकडे टाकतात. काढत काढत पुढे जावं आणि अचानक भिंती जुळेनाशा व्हाव्यात, दहा पावलांपूर्वीच आपल्याला फिरवलं होतं हे कळावं, मग खोडरबर घ्यावा. तो नकाशा पुरा झाला की मजला आपला वाटतो.

हे जुनाट म्हणून सोडायचं कारण नाही. एट्रियन ओडिसी या खेळात (२००७) निंटेंडो डीएस या दोन स्क्रीनच्या हातातल्या यंत्राच्या खालच्या स्क्रीनवर स्टायलसने नकाशा काढायचा होता. कागद गेला, काम तेच राहिलं.

उजवीकडे की डावीकडे
मला दिशा लक्षातच राहत नाहीत. रोजच्या इमारतीतसुद्धा चुकते. 'पुलानंतर पूर्वेला' हे वाक्य मला काहीच सांगत नाही. मार्कर आल्यावर पहिल्यांदा मी असा खेळ शेवटपर्यंत नेला. तुम्हाला नको असेल तर बंद करा, पण काढून टाका म्हणू नका.

वाटसरू
तुमचा मुद्दा मान्य, काढून टाका म्हणणार नाही. पण नुसतं बंद करून भागत नाही. ऑब्लिव्हियननंतरच्या स्कायरिममध्ये (२०११) क्वेस्ट निष्क्रिय केली की बाण जातो, पण काम देणारा माणूस अनेकदा फक्त 'अमुक गुहेतून तलवार आण' एवढंच म्हणतो. गुहा कुठे, हे बोलतच नाही. आधी शब्दांत पत्ता लिहा, मग त्यावर बाण ठेवा. उलट केलं की बाण ही कुबडी होते.

रात्रपाळी
ते आता सोपं नाही. मॉरोविंडचे संवाद बहुतेक वाचायचे होते. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक वाक्य कुणीतरी बोलून ध्वनिमुद्रित केलेलं. गुहा थोडी इकडची तिकडे सरकवली तर सगळं पुन्हा बोलून घ्यायचं?

सहावा भाग
सगळे बाणावरच अडलेत. भटकंतीची मजा मोकळीक मिळण्यात असते. माइट अँड मॅजिक ६ (१९९८) घ्या. सुरुवातीला चौघांची टोळी एकेका गॉब्लिनपुढे पळते, डोंगराला वळसा घालते. मग उडण्याचा मंत्र हाती येतो आणि ज्या डोंगराने तासभर चालवलं त्याच्यावरून आपण जातो. जग तेच, पण आपण वेगळे. मॉरोविंडमध्येही तरंगता यायचं. ऑब्लिव्हियनने ते काढून टाकलं, शहरं वेशीआड वेगळी लोड होऊ लागली. माझ्या मते बाणापेक्षा मोठं नुकसान ते.

वाटसरू
हे मनापासून पटलं. मॉरोविंडमध्ये सेडा नीन या सुरुवातीच्या गावातून बाहेर पडल्यावर एक माणूस किंचाळत आकाशातून खाली आपटतो, आठवतोय ना? त्याच्याजवळ उडीचे मंत्रपट सापडतात. मी लगेच एक वाचला, अर्धं बेट खालून सरकलं, आणि उतरताना मेलो. मग दुसरा पट पाण्याच्या दिशेने वापरला. तिथे जा असं कुणी सांगितलं नव्हतं, फक्त किंकाळी ऐकू आली होती.

रात्रपाळी
ती किंकाळी मलाही आठवते, आणि तिथे बाण नको हे मान्य. पेटीसाठी मात्र हवाच.